संत्र्यांचा सीझन सुरू झालाय, मुलांकडून फळांच्या वासाच्या वस्तू करून घ्यायच्यात, काय काय जमेल?

ऋतुजा_ठाणे

नमस्कार मंडळी. बाजारात संत्री चांगली यायला लागलीत आणि नाताळच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली पाच ते नऊ वयाची मुलं दुपारी माझ्याकडे जमणार आहेत. ह्यावेळी त्यांच्याकडून फळांपासून वासाच्या वस्तू करून घ्यायचं मनात आहे, म्हणजे दाराला टांगायला, कपाटात ठेवायला, आजीआजोबांना द्यायला असं काहीतरी. माझी अट एवढीच की वास फळाचा स्वतःचा पाहिजे. बाटलीतलं सेंट नको, अरोमा ऑइल नको, ग्लिटर नको. आजकाल मुलांना "ऑरेंज फ्लेवर" ओळखता येतो पण खरं संत्रं सोलताना हाताला जो वास लागतो तो कोणी मुद्दाम हुंगत नाही, मला तो हुंगायला लावायचाय.

व्हिडिओमध्ये सगळीकडे लवंगा खोचलेलं संत्रं दाखवतात, दिसतं फार सुरेख. पण आपल्या नागपुरी संत्र्यात लवंग नीट धरत नाही, साल आत दबते आणि लवंग तिरकी होऊन निघून येते. तर फळ दुसरं घ्यावं का? आणि ठाण्याच्या हवेत चकत्या वाळतात का? इथल्या अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज.

संत्राबाग

ताई, वरुडकडचा आहे, घरची बाग आहे म्हणून लिहितो. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल, फोडींपासून सुटी, म्हणून तर ते नखाने सोलता येतं. त्यात फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की साल अजून फुगते आणि आत पोकळी होते. लवंगेला धरायला मागे घट्ट गर लागतो, तो तिथे नसतोच. तुम्ही कितीही दाबलं तरी ते होणार नाही, ते फळच त्या कामाचं नाही.

लवंगांसाठी मोसंबी घ्या. जालन्याकडची मोसंबी मिळाली तर उत्तम, साल गराला चिकटलेली असते. नाहीतर पंजाबातून येणारा किनो घ्या, तो पण घट्ट सालीचा, आणि रंग नारिंगी असल्याने मुलांना संत्र्यासारखाच वाटतो. लहान हातांना लिंबू पण चालतं.

आणि आपल्या संत्र्याला कमी समजू नका बरं का! सालीच्या कामात त्याच्या पुढे कोणी नाही. सैल साल म्हणजे मोठे मोठे तुकडे न फाटता निघतात आणि त्यातून आकार कापता येतात. सध्या जो माल येतोय तो आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला. आता संपत आला की मग मृग बहाराचा माल साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल. म्हणजे तुमच्याकडे सालीचा पुरवठा होळीपर्यंत आहे, घाई करायचं काही कारण नाही. आमच्याकडची लेकरं थंडीत अंगणात सालीच टाकतात वाळायला, विदर्भातलं ऊन आणि कोरडी हवा, साल हातात घेतली की कट्कन मोडते इतकी वाळते.

निशिगंधा

मस्त धागा! संत्राबाग, मोसंबीचं अगदी बरोबर. मी दरवर्षी लवंगांचं फळ करते, पद्धत लिहिते.

लवंगा फुलाच्या घ्यायच्या, म्हणजे वरचा गोळा शाबूत असलेल्या. स्वस्त पाकिटात अर्ध्याअधिक नुसत्या काड्या निघतात त्या इथे उपयोगाच्या नाहीत, त्या वेगळ्या काढून मसाल्याच्या डब्यात टाका. मोसंबी कोमट पाण्याने चोळून धुवायची (दुकानातल्या चकचकीत फळांवर मेण असतं, ते राहिलं तर वास दबतो) आणि पुसून कोरडी करायची. मग दाभणाने किंवा जाड सुईने भोक पाडायचं आणि त्यात लवंग खोचायची. भोक मोठ्यांनी पाडायचं, लवंग मुलांनी खोचायची, अशी वाटणी केली की भांडण होत नाही आणि बोटंही वाचतात. नुसत्या अंगठ्याने लवंगा दाबत बसलं तर थोड्याच वेळात अंगठा हुळहुळा होतो, शिवणाचं अंगुस्तान असेल तर ते द्या.

महत्त्वाचं म्हणजे लवंगा अगदी एकमेकींना चिकटून लावायच्या नाहीत. फळ वाळताना आक्रसतं, तेव्हा लवंगा आपोआप जवळ येतात. आधीच दाटी केली तर साल फाटते. नाडी किंवा रिबन बांधायची असेल तर तेवढा पट्टा मोकळा सोडा, वर-खाली आणि आडवा.

झालं की दालचिनीची पूड, नागरमोथा आणि वाळ्याची पूड एकत्र करून त्यात फळ घोळवायचं. बाहेरच्या देशात ऑरिस नावाचं मूळ वापरतात वास धरून ठेवायला, आपल्याकडे उटण्याचे जिन्नस तेच काम करतात आणि वास आपल्या ओळखीचा येतो. मग कागदी पिशवीत ठेवून रोज उलटायचं आणि पूड परत अंगावर टाकायची. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही. काही आठवड्यांनी फळ हलकं आणि टणक होतं, ठोकलं तर टक् असा आवाज येतो, तेव्हा समजायचं झालं. लवंगेतलं युजेनॉल बुरशीला अडवतं म्हणून हे फळ सडायच्या ऐवजी सुकतं. नीट सुकलेलं वर्षानुवर्षं कपाटात राहतं. वास मंदावला की कोमट हवेत थोडा वेळ ठेवून परत पुडीत घोळवा.

लेस्टरची_रेवा

इकडे इंग्लंडमध्ये ह्या दिवसांत शाळांमध्ये संत्र्याचं एक खास काम असतं ते सांगते. त्याला क्रिस्टिंगल म्हणतात. संत्रं म्हणजे पृथ्वी, त्याला लाल रिबन, वर मेणबत्ती, आणि चार बाजूंनी चार काड्या, त्यात मनुका किंवा जेलीच्या गोळ्या टोचलेल्या, म्हणजे चार ऋतू आणि पृथ्वीवर पिकणारी फळं. मूळ प्रथा जर्मनीतल्या मोरावियन चर्चची, १७४७ सालची. इंग्लंडमध्ये ती १९६८ पासून चिल्ड्रन्स सोसायटीने मुलांच्या मदतीसाठी पैसे जमवायला सुरू केली आणि मग सगळीकडे पसरली. आता बऱ्याच शाळा मेणबत्तीच्या जागी चमकणारी काडी लावतात, केसांना आग लागायची भीती म्हणून. माझा मुलगा ते घरी घेऊन आला की खोलीभर संत्र्याचा वास. धर्म कुठलाही असो, वर्गातली सगळी मुलं करतात.

चकत्यांबद्दल सांगायचं तर आम्ही ओव्हनमध्ये वाळवतो. साधारण पाव इंचाहून थोड्या पातळ चकत्या, टिश्यूवर दाबून जास्तीचा रस टिपून घ्यायचा, १०० डिग्रीवर तीनेक तास, मधून मधून उलटायच्या. तापमान वाढवलं की कडा काळ्या पडतात आणि वास जळका येतो, त्यामुळे धीर धरायचा. नंतर खिडकीच्या काचेला टांगल्या की हिवाळ्याचं तिरकं ऊन त्यातून येतं, फोडींच्या रेषा दिसतात, फार सुंदर दिसतं.

गिरगावकर

ऋतुजाताई, चकत्या ठाण्या-मुंबईत उन्हात वाळवायच्या भानगडीत पडू नका. डिसेंबरमध्ये हवा त्यातल्या त्यात कोरडी असते तरी रसाळ गर आतून ओलाच राहतो आणि मग मधोमध पांढरी बुरशी येते, चिलटं येतात ती वेगळीच. चकत्या करायच्याच तर ओटीजीत रेवा म्हणतायत तशा, आणि नंतर उघड्यावर न ठेवता कोरड्या बरणीत, पावसाळ्याआधी काढून टाकायच्या.

आमच्या हवेला नुसती साल बेस्ट. सोललेली साल सुपात पसरून पंख्याखाली रात्रभर आणि दुपारी गॅलरीत. ढीग करायचा नाही, एकेरी थर. आणि साल मायक्रोवेव्हमध्ये कोणी टाकू नका, सालीतलं तेल पेट घेणारं असतं, शिवाय कोरडी पडलेली साल आत भाजून निघते.

ऋतुजा_ठाणे

वा, किती पटापट प्रतिसाद! लवंगांसाठी मोसंबी पक्की. संत्राबाग, सालीतून आकार म्हणजे नेमकं कसं ते सांगा ना, वाळल्यावर साल गोल वळते ना?

संत्राबाग

वळते, म्हणून ओली असतानाच कापायची. संत्र्याला देठाकडून चार चिरा द्या आणि साल पाकळ्यांसारखी काढा. आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेने हलका खरवडून घ्या, सगळा नाही, पातळ ठेवा. त्या पांढऱ्याला वास नसतो आणि ओल मात्र तोच धरून ठेवतो. मग करंजीचं कातणं फिरवायला द्या लेकरांना, नागमोडी कडा येतात, पोट्टे एकदम खूश. बाटलीच्या झाकणाने गोल, आणि मोठ्यांच्या मदतीने चांदणी, पान, मासा. ओलं असतानाच सुईने वर भोक पाडून ठेवायचं, वाळल्यावर पाडाल तर तुकडा फुटतो. वर्तमानपत्रात दोन दिवस दाबून ठेवा वरून जड पुस्तकं, कागद बदलत राहा, मग उन्हात. असे तुकडे, मध्ये दालचिनीची काडी, मध्ये चक्रीफूल, असं दोऱ्यात ओवलं की तोरण झालं. दमट दिवशी त्याला वास जास्त येतो हे माझं निरीक्षण आहे.

मोगरा_कोल्हापूर

गुलाब राहिले की! मोसंबी किंवा लिंबाची साल सोलाण्याने एका लांब पट्टीत काढायची, बोटभर रुंद, तुटू न देता. मग एका टोकाकडून घट्ट गुंडाळत यायचं, बाहेरच्या फेऱ्या सैल सोडायच्या, खालून दोऱ्याने बांधायचं. वाळला की गुलाबाचा आकार पक्का होतो. टोपलीत असे गुलाब, त्यात बकुळीची वाळलेली फुलं, वर दोन-चार लवंगा. बकुळ वाळली तरी वास सोडत नाही त्यामुळे संत्र्याचा वास उतरला तरी परडी वासाचीच राहते. बकुळ फळ नाहीये तुमच्या अटीत बसायला पण आमच्या पोरींना ती हवीच असते.

साधासुधा

सगळ्यांचा उत्साह छान आहे पण एक मनापासून सांगावंसं वाटतं. एवढी मोसंबी, एवढ्या लवंगा, चकत्या कापून टांगायच्या, हे खायचं अन्न आहे. आमच्या लहानपणी घरात संत्रं आलं की दोन-दोन फोडी वाट्याला यायच्या. मुलांना शोभेसाठी फळं कापायला शिकवणं मला पटत नाही. कृपया राग मानू नका.

निशिगंधा

राग कसला, मुद्दा बरोबर आहे. मी वर्षातून लवंगांचं एखादंच फळ करते, सगळी मुलं मिळून एकावरच काम करतात. बाकी सगळं सालीचं, आणि साल तर आपण टाकूनच देतो.

आजीचा_बटवा

साधासुधा यांच्याशी सहमत, म्हणूनच मी म्हणेन की मुलांकडून उटणं करून घ्या. आधी फळ खायचं, मग साल वाळवायची, खडखडीत वाळली की मिक्सरमध्ये दळून पातळ फडक्याने चाळून काचेच्या बरणीत. पुढच्या दिवाळीत आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गुलाबपाकळी, मसूरडाळीचं पीठ घालून उटणं. दिवाळीत आंबिया बहाराची संत्री नुकतीच यायला लागलेली असतात, तेव्हा साल गोळा करून वाळवायला वेळ पुरत नाही, म्हणून ती आदल्या हिवाळ्यातच करून ठेवायची असते. बरणीवर मुलांनी स्वतःच्या हाताने महिना लिहायचा. नरकचतुर्दशीला पहाटे कुडकुडत असताना बरणी उघडली की तोच जानेवारीचा वास येतो आणि पोरं भांडतात की ही साल मी सोललेली. वासासाठी हे सगळ्यात टिकाऊ आणि अंगालाही लागतं. फक्त उटण्याची साल साधी, बिनमेणाची, स्वच्छ धुतलेली पाहिजे, आणि पहिल्यांदा लावताना हातावर थोडं लावून बघायचं, काही मुलांना खाज येते.

शाळेचा_फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, चौथीचा वर्ग. आम्ही ह्या विषयावर पूर्ण आठवडा घालवतो म्हणून थोडं मोठं लिहितोय.

वस्तू करायच्या आधी मुलांना वास कुठे असतो ते दाखवा, मग त्यांचा हात आपोआप नीट चालतो. खोलीत अंधार करायचा, एकाने मोबाईलचा टॉर्च आडवा धरायचा आणि दुसऱ्याने संत्र्याची ताजी साल त्या उजेडासमोर उलटी दुमडायची. सालीतून बारीक तुषार उडताना स्पष्ट दिसतात. ते तेल. नारिंगी भागात जे टिपके टिपके दिसतात ना त्या तेलाच्या पिशव्या, आणि त्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. पांढऱ्या भागात पिशव्या नाहीत म्हणून त्याला वास नाही, संत्राबाग यांनी खरवडायला सांगितलं त्याचं कारण हे. वाळवताना साल चुरगाळायची नाही ती ह्याचसाठी, पिशव्या फुटल्या की वास तेव्हाच उडून जातो. अख्ख्या ठेवलेल्या सालीत तो कोंडलेला राहतो आणि मोडली की पुन्हा येतो. मोठ्या मुलांना फुगलेल्या फुग्यावर सालीचा तुषार उडवायला सांगा, रबरी फुगा फट्कन फुटतो, लिमोनीन रबर विरघळवतं. तुषार डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, चष्मा लावायचा नाहीतर हात लांब.

मग दुसरा खेळ. कढीपत्त्याचं, लिंबाचं, बेलाचं आणि कवठाचं पान उजेडासमोर धरायचं. लिंबाच्या पानात तर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके झटकन दिसतात. सगळी एकाच कुळातली झाडं. बाजारातलं तिरफळसुद्धा ह्याच कुळातलं, बांगड्याच्या आमटीत घालतात ते. हे कळलं की मुलं घरी जाऊन दिसेल ते पान चोळून हुंगतात. आमच्या वर्गात त्यातून वासाच्या पुड्या झाल्या, जुन्या सुती कापडाच्या, एकीत संत्र्याची साल, एकीत लिंबाची, एकीत तिरफळाचं टरफल, एकीत बेलाच्या मगजाचे वाळलेले तुकडे. डोळे बांधून ओळखायचं. जी मुलं वाचायला मागे असतात ती ह्यात पुढे असतात, आणि त्या दिवशी वर्गात त्यांचं ऐकलं जातं.

कवठ खाऊन झाल्यावर कवटी फेकू नका. करवतीने देठाजवळ झाकण कापून घेतलं (हे मोठ्यांनी), आतून चमच्याने स्वच्छ केलं, आठवडाभर वाळवलं की टणक डबी होते. आंबट गोड वास बरेच दिवस राहतो. त्यात सालीचे तुकडे भरायचे.

रानवाटा

सर, क्या बात है. तुमच्या वर्गातल्या मुलांचा हेवा वाटला. वाचनखूण साठवली.

पेडण्याची_माई

सगळे संत्र्यावरच अडकलेत म्हणून लिहिते. फळांची वासाची सजावट मुलांकडून करून घेणं आमच्याकडे गोव्यात नवीन नाहीच, चवथीची माटोळी तीच तर आहे. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या दिवसांत रानात, कुळागरात, परसात जे जे पिकतं ते बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचा कातरा, केळीचा घड, तोरिंगण, निरफणस, आंबाडे, चिबूड, काकड्या, आणि रानातली कांगलां, घागऱ्यो, कवंडळं. सिंधुदुर्गात माटवी म्हणतात. चिबूड पिकलेला असेल तर संध्याकाळपर्यंत अख्खी खोली घमघमते, तोरिंगणाचा वास त्याच्याखाली हळू येत राहतो.

चवथीच्या आधी मोठी माणसं पोरांना घेऊन रानात जातात, कुठल्या झाडाचं काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुठलं हात लावायचं नाही ते तिथेच शिकवतात. बांधायला केवणीच्या सालीची दोरी, नायलॉनची नाही. केवण म्हणजे मुरुडशेंगेचं झाड. हल्ली पुष्कळ जण म्हापशाच्या बाजारातून सगळं विकत आणतात, तेही ठीक, पण पोराला बरोबर घेऊन जा आणि प्रत्येक फळाचं नाव त्याच्याकडून घ्या. सरकारच्या कला आणि संस्कृती खात्याची माटोळीची स्पर्धा असते, त्यात लोक कितीतरी विसरत चाललेली रानफळं मांडतात.

एक मात्र नीट ऐका, कवंडळ लालभडक आणि देखणं असतं पण विषारी, तोंडात घालायचं नाही. लहान पोरं घरात असतील तर ते उंच बांधायचं. साधासुधा भाऊ, माटोळीतलं खाण्यासारखं सगळं नंतर वाटून खाल्लं जातं, वाया काही जात नाही.

साधासुधा

माई, हे वाचून फार बरं वाटलं. ह्याला माझी काहीच हरकत नाही. सालीच्या तोरणालाही नाही. आमच्या नातीकडून उटणं नक्की करून घेणार.

बालरोग_वाली

धागा आवडला. मुलांची डॉक्टर आहे म्हणून काही गोष्टी सांगते, घाबरवायला नाही, पण माहीत असाव्यात.

लिंबाचं काम घरात करा आणि उन्हात जायच्या आधी हात साबणाने धुवायला लावा. लिंबाचा रस किंवा सालीचं तेल त्वचेवर असताना ऊन लागलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टे, कधी फोडही येतात आणि नंतर काळे डाग आठवडेच्या आठवडे राहतात. पालक येतात तेव्हा त्यांना वाटतं कुठेतरी भाजलं. संत्र्याने हे सहसा होत नाही, लिंबाने होतं.

तीन वर्षांखालच्या भावंडांच्या हाताला लवंगा लागू देऊ नका, घशात अडकू शकतात. कपाटाच्या पुड्यांमध्ये कापूर घालायचा सल्ला बरेच जण देतात, माझ्या मते मुलांच्या वस्तूत तो नकोच. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. डांबराच्या गोळ्याही तशाच, जी६पीडी ह्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये त्यांनी रक्तपेशी फुटतात. म्हणून संत्र्याची साल, लवंग, वाळा अशी पुडी कपाटात ठेवली तर मला आनंदच आहे.

आणि सालीचा तुषार मेणबत्तीवर उडवून ठिणग्या पाडायचा खेळ पोरांना कुठूनतरी कळतोच. तो मोठ्यांनीच एकदा करून दाखवावा, मुलांनी करू नये.

मितवा_नाशिक

डॉक्टर, संत्र्याच्या सालीची धुरी केली की डास जातात असं आमच्याकडे म्हणतात, खरं का? म्हणजे तोरणाचा तो पण फायदा.

बालरोग_वाली

त्याच्यावर विसंबू नका. धुराने थोडा वेळ कमी वाटतील, पण डेंग्यूच्या दिवसांत जाळी, मच्छरदाणी आणि साठलेलं पाणी काढणं हेच. शिवाय दमेकरी मुलं घरात असतील तर कसलाच धूर नको. तोरण वासासाठीच असू दे.

कोकणमेवा

एप्रिल-मे मध्ये हा धागा परत वर काढा कोणीतरी, तेव्हा आमची पाळी. रायवळ आंबा चोखून झाला की कोय धुवून उन्हात टाकायची, धागे पांढरे पिंजारलेले होतात. तीच म्हाताऱ्याची दाढी, वरून कोळशाने डोळे. आणि पावसात उकिरड्यावर रुजलेली कोय सापडली की आतला गर दगडावर घासून पिपाणी, ती शिकवायला मात्र घरातला एखादा काका लागतो, लिहून जमत नाही. काजूची बोंडं मुलांना हाताळू द्या पण ओली बी अजिबात नाही, तिच्या टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटून निघते.

मोगरा_कोल्हापूर

आणि मधे बोरन्हाण येतंय की संक्रांतीनंतर. आमच्याकडे मोठी मुलं लहानग्यासाठी बोरांची माळ ओवतात, बोर, मग गाजराचा तुकडा, मग परत बोर. पिकलेल्या गावठी बोरांचा वास काय असतो महाराजा! बोराला सुई बाजूने घालायची, मधे आठोळी असते. हलव्याच्या दागिन्यांबरोबर ती माळ पण घालतात आणि नंतर सगळी मिळून खातात.

ऋतुजा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आता असं ठरवलंय. पहिल्या दिवशी टॉर्चवाला प्रयोग आणि पानं हुंगणं, सरांची आयडिया फार आवडली, आमच्या सोसायटीत लिंब आहे आणि कढीपत्ता आहे, बेलाचं पान देवळाबाहेरच्या फुलवाल्याकडून आणते. मग सगळ्यांनी संत्री खायची आणि साल कातण्याने कापायची. लवंगांची मोसंबी सगळ्यांत मिळून एकच, ती सोसायटीच्या ऑफिसमध्ये वॉचमन काकांच्या टेबलावर सुकत ठेवायची म्हणजे मुलं येता-जाता उलटतील. उरलेली साल बरणीत, दिवाळीच्या उटण्यासाठी, बरणीवर नावं मुलांची. लहान भावंडं असलेल्यांना लवंगा घरी देणार नाही.

एकच शंका राहिली, नागरमोथा आणि वाळ्याची पूड कुठे मिळेल? इथल्या सुपरमार्केटात विचारलं तर त्यांना नावच माहीत नव्हतं.

आजीचा_बटवा

सुपरमार्केटात नाही मिळायचं. काष्ठौषधींचं दुकान शोधा, ठाण्यात स्टेशनजवळच्या जुन्या बाजारात नक्की असेल, पूजेच्या सामानाच्या दुकानातही विचारा. तयार पूड घेण्यापेक्षा नागरमोथ्याच्या गाठी आणि वाळ्याची मुळं अख्खी आणा, मुलांना आधी ती बघू दे, हुंगू दे, मग घरी खलबत्त्यात कुटा. गाठी कडक असतात, आधी चांगल्या उन्हात तापवून घ्या म्हणजे पटकन कुटल्या जातील. आणि वाळा कात्रीने बारीक कापूनच मिक्सरमध्ये घाला, लांब मुळं तशीच टाकली तर पात्याला गुंडाळतात.

संत्राबाग

आणि ताई, फोटो टाका तोरणाचा. इकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दाखवतो, बागवाल्यांना बरं वाटेल की साल पण कोणी एवढ्या प्रेमाने ठेवतंय. फळ घेताना जरा घट्ट, कमी फुगलेलं बघून घ्या, त्याची साल एकसारखी निघते.